वातावरण माझ्याकडे होतं

चहा घ्या आधी. गार झाला की मग म्हणाल, सरांनी गप्पांच्या नादात चहा वाया घालवला. आणि हसू येईल तिथं मोकळेपणानं हसा, माझी काही हरकत नाही. पन्नास वर्षं होऊन गेली त्या फजितीला, मधेमधे मलाही हसू येतं. फक्त शेवटपर्यंत ऐका, कारण ती जिथं संपली असं वाटतं ना, तिथं ती संपत नाही.

बहात्तर सालचा जून. शेवगाव तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात मी गणित आणि शास्त्र शिकवत होतो. गावाचं नाव नको, तिथली माणसं अजून भेटतात, जेवायला बोलावतात. मी मूळचा नगर शहरातला. बोरुडे सर म्हणून गावात सगळे ओळखायचे. नोकरीला आठ वर्षं झाली होती आणि मुलांचं माझ्यावाचून पान हलत नव्हतं. संध्याकाळी घरी यायची, अडलेलं गणित विचारायची, जाताना आमच्या हिच्याकडून शेंगदाण्याचा लाडू घेऊन जायची. सुखाचे दिवस होते. पण सुखात असलेल्या माणसाला बढती मिळते, हा सरकारी नियमच असावा.

आमचे जुने पर्यवेक्षक त्या मेमध्ये निवृत्त झाले. पर्यवेक्षक म्हणजे मुख्याध्यापकांच्या खालचा आणि बाकी मास्तरांच्या वरचा माणूस, म्हणजे खरं तर कुणाचाच नाही. मुख्याध्यापक होते इनामदार सर. धोतर, काळी टोपी, आवाज इतका मऊ की रागावले तरी समोरच्याला आशीर्वाद दिल्यासारखं वाटायचं. त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "बोरुडे, वर्गावर काय, कुणीही जाईल. शाळेचं वातावरण आजपासून तुमच्याकडे."

आता वातावरण म्हणजे काय, हे मी तिथंच विचारायला हवं होतं की नाही? शास्त्राचा मास्तर मी. वातावरणात नायट्रोजन किती आणि ऑक्सिजन किती, हे दरवर्षी मुलांकडून घोकून घेत होतो. शाळेच्या वातावरणात काय काय असतं, हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. पण बढती मिळालेला माणूस प्रश्न विचारत नाही. मी "हो सर" म्हणालो आणि बाहेर येऊन स्वतःच ठरवून टाकलं, की वातावरण म्हणजे शांतता.

मग मी बदललो. म्हणजे ठरवून बदललो. शेवगावच्या बाजारातून पितळेची शिट्टी आणली. छडी मी आयुष्यात कुणावर उगारली नव्हती, पण हातात ठेवायला लागलो. हसणं बंद केलं. सकाळी दाढी करताना आरशात बघून डोळे बारीक करायचो, तसे डोळे केले की मुलं गप्प बसतात असं जुन्या पर्यवेक्षकांनी जाताना सांगितलं होतं. आमची ही एकदा म्हणाली, "अहो, घरातही वऱ्हांड्यात फिरल्यासारखे काय फिरता? मी काही गोंधळ करत नाहीये." तेही मी प्रशस्तीपत्रकच समजलो.

मुलांनी घरी यायचं बंद केलं. रस्त्यात दिसलो तर पलीकडच्या बाजूनं जायला लागली. शिक्षकांच्या खोलीत मी शिरलो की चाललेलं बोलणं थांबायचं आणि कुणीतरी हवेचा विषय काढायचं. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण मी मनाची समजूत घातली होती, की पदावरच्या माणसाला एवढं सोसावंच लागतं.

नियमही मीच काढले. वऱ्हांड्यात डबा उघडायचा नाही, खरकटं सांडतं. मधल्या सुट्टीत पळायचं नाही. आणि दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा नाही, ज्यानं त्यानं आपलाच डबा खायचा. हा शेवटचा नियम का काढला ते सांगतो. डब्यांवरून त्या वर्षी पोरांची फार भांडणं व्हायला लागली होती. पूर्वी लोणच्याच्या फोडीवरून व्हायची, ती आता अख्ख्या भाकरीवरून व्हायला लागली. लोणच्यावरून भाकरीवर का आली, हा विचार मात्र गणिताच्या मास्तराच्या डोक्यात आला नाही.

पाऊस त्या वर्षी आलाच नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. मृग गेला, आश्लेषा गेल्या. विहिरींचे तळ दिसायला लागले. रेशनवर ती लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना चिरायची. गावाजवळ रस्त्याचं दुष्काळी काम निघालं आणि निम्मं गाव खडी फोडायला जायला लागलं. हे सगळं मला दिसत होतं. पण ते गावाचं वातावरण. शाळेचं माझ्याकडे होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि आठवड्याभरात चमत्कार झाला. मधल्या सुट्टीत भांडणं थांबली. सव्वाचारशे मुलं, पण आवाज म्हणून नाही. घंटा झाली की सगळी शाळेच्या मागं जायची. तिथं पाण्याचा मोठा हौद होता, कोरडा पडलेला, आत उतरायला पायऱ्या. त्याच्या आत आणि भोवती सावलीला मुलं बसायची, खायची आणि गुपचूप परत यायची. मी वऱ्हांड्याच्या टोकाला उभा राहून लांबून बघायचो. जवळ गेलो तर शिस्त मोडेल असं वाटायचं. अहो, शाळेत रोज डब्याच्या वेळेला येणारे कावळेसुद्धा येईनासे झाले. जमिनीवर एक कण पडत नव्हता, तर येतील कशाला?

मी हुरळलो. शिट्टी, डोळे आणि नियम, यांचा हा परिणाम, दुसरं काय? मी चक्क एक टाचण लिहून काढलं. 'शालेय वातावरण : एक यशस्वी प्रयोग.' सहा पानं. चौथ्या पानावर एक वाक्य होतं, 'स्वच्छतेच्या सवयीमुळे कावळ्यांचा उपद्रव पूर्णपणे थांबला आहे.' ते वाक्य मला इतकं आवडलं होतं, की त्याच्याखाली मी रेघ ओढली होती.

इनामदार सरांनी टाचण वाचलं आणि ते भारावून गेले. त्यांनी आजूबाजूच्या चार शाळांच्या मुख्याध्यापकांना आमंत्रण धाडलं, जिल्ह्याच्या शिक्षण खात्यातले एक साहेबही यायला तयार झाले. डिसेंबरातला एक सोमवार ठरला. मी टाचण वाचायचं आणि मग पाहुण्यांनी मधली सुट्टी प्रत्यक्ष बघायची.

त्याच्या आधीच्या गुरुवारची गोष्ट. पाहुणे यायचे म्हणून मी सगळीकडे बारीक नजर ठेवून होतो. मधल्या सुट्टीच्या आधी पाचवीच्या दारात मला नववीतली मंदा दिसली. मंदा म्हणजे पंधरा वर्षांची, उंच, काळीसावळी, वर्गात कधी हात वर न करणारी मुलगी. विचारलं तर उत्तर बरोबर द्यायची, पण विचारल्याशिवाय नाही. तर ही मंदा पाचवीतल्या एका लहानग्याच्या हातातून डबा घेत होती. तिच्या खांद्यावर कापडी पिशवी होती, आणि ती फुगलेली.

मी पिशवी उघडायला लावली. आत सात डबे.

"हे कुणाचे?" मी विचारलं.

तिनं पिशवीचा बंद घट्ट धरला.

"तुझे आहेत?"

"न्हाई, सर."

"मग तुझ्याकडे कसे?"

तिनं खाली बघितलं ते बघितलंच. मी त्या पाचवीतल्या पोराला पुढं बोलावलं आणि हिनं तुझा डबा काढून घेतला का, असं विचारलं. मी डोळे आधीच बारीक केलेले, हातात छडी. पोरगं काय सांगणार? ते रडायला लागलं. त्याचं रडणं मी साक्ष म्हणून धरलं. झालं, खटला संपला. नववीतली मोठी मुलगी लहान मुलांचे डबे लुबाडते, आणि तेही माझ्या वातावरणात.

आमच्या शाळेत पाणी भरायला गोदाबाई होत्या. लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून माठ भरायच्या. त्या तिथंच होत्या. त्या पुढं येऊन म्हणाल्या, "सर, जरा माझं ऐकता का?" मी म्हणालो, "गोदाबाई, तुम्ही पाणी भरा. हे शाळेचं काम आहे." त्या घागर उचलून गेल्या. माझी चूक तिथंच थांबली असती बघा, दोन मिनिटांत. पण दोन मिनिटं ऐकणारा पर्यवेक्षक कसला?

मी मंदाच्या आईला चिठ्ठी पाठवली. ती दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर आली, खडीच्या कामावरून तशीच. पापण्यांवरसुद्धा पांढरी धूळ बसलेली. शेवंताबाई नाव. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. मी तिला सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं. तिनं मंदाकडे वळून विचारलं, "व्हय गं?" मंदा गप्प.

मला वाटलं, आता ही बाई मुलीला मारेल, किंवा माझ्याशी भांडेल. दोन्हीची तयारी मी ठेवली होती. तिनं यातलं काही केलं नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, आमच्यात आसं कुनी न्हाई. पन पोटाला कमी पडलं आसंल पोरीला, त्याला मी तरी काय करू? उद्यापासनं हिला कामावर न्हेते. तितं खायला सुकडी तरी मिळती."

आणि ती तिला घेऊन गेली. मंदानं जाताना डब्यांची रिकामी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली आणि मला नमस्कार केला. शाळा सोडून जाणारी मुलं करतात तसा.

मला काय वाटलं सांगू? खरं सांगतो, बरं वाटलं. सोमवारच्या आत प्रश्न सुटला असं वाटलं. शनिवारी सकाळची शाळा, मधली सुट्टी नसायचीच.

सोमवार उजाडला. चार मुख्याध्यापक आले, खात्यातले साहेब जीपमधून आले. साहेब वयस्कर होते, फारसे बोलत नव्हते. मी इस्त्रीचा सदरा घालून टाचण वाचलं. कावळ्यांच्या वाक्याला एक मुख्याध्यापक मान डोलावत होते. मग दीड वाजता घंटा झाली, आणि मी पाहुण्यांना घेऊन वऱ्हांड्यात आलो.

पहिली दोन मिनिटं शांतता होती. मग हौदाकडून एक किंकाळी आली. मग दुसरी. मग असा काही कल्ला उठला, बाजाराच्या दिवशी बैल सुटल्यावर उठतो तसा. आम्ही सगळे धावलो. हौदाच्या काठावर पाचवीतली दोन पोरं एका भाकरीला धरून ओढत होती, भोवती पंधरावीस पोरं, कुणी याला ढकलतंय, कुणी त्याला. आमच्या डोळ्यांदेखत भाकरी तुटली आणि एक पोरगं हातातल्या तुकड्यासकट हौदात पडलं. कपाळ फुटलं. तरी त्यानं तुकडा सोडला नाही, पडल्या पडल्या तोंडात घातला. आणि वर पत्र्यावर कावळे. महिनाभर न दिसलेले कावळे, नेमके त्या दिवशी ओळीनं येऊन बसलेले.

साहेबांनी वर बघितलं आणि शांतपणे मला विचारलं, "चौथ्या पानावर होतं ना ते?"

हसा, हसा. मी म्हणालोच होतो.

इनामदार सर पाहुण्यांना घेऊन चहाच्या निमित्तानं पुढं गेले. बिचाऱ्यांनी माझी लाज झाकायचा प्रयत्न केला. मी हौदात उतरलो. गोदाबाई आधीच उतरल्या होत्या, पदर ओला करून त्या पोराचं कपाळ पुसत होत्या. तिथं एका कोपऱ्यात सहावीतली एक छोटी मुलगी रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती, भांडत नव्हती. नुसती पायऱ्यांकडे बघत होती, कुणीतरी यायचं असल्यासारखी.

मी गोदाबाईंना विचारलं, हे असं एकदम कसं झालं?

त्यांनी वर न बघता सांगितलं. ज्यांच्या घरी अजून दाणे होते ती मुलं सकाळीच आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मंदाकडे देत. काही जण डबाच देत. सुट्टीत ती हौदात बसून सगळ्याचे तुकडे करायची आणि जी पोरं रिकामा डबा घेऊन यायची त्यांना वाटायची. कुणी दिलं आणि कुणी खाल्लं, हे तिच्याशिवाय कुणाला कळायचं नाही. दिवाळीनंतर रोज. आणि दुसऱ्याच्या डब्यातलं खायचं नाही हा शाळेचा नियम होता, म्हणून सगळ्यांनी ते माझ्यापासून लपवून ठेवलं होतं.

"सर," गोदाबाई म्हणाल्या, "तुमच्या शिट्टीला भिऊन पोरं गप बसत न्हवती. प्वाटात चार घास जात हुतं म्हनून गप हुती."

मी त्या हौदाच्या पायरीवर बसलो. त्या पायरीवरून शाळा दिसत नव्हती. वऱ्हांड्याच्या टोकाला उभा राहून मी इतके दिवस बघत होतो म्हणायचो, तिथून हौदाच्या आतलं काहीच दिसत नसणार, हे मला पहिल्यांदा तिथं बसल्यावर कळलं.

संध्याकाळी सायकल काढली आणि रस्त्याच्या कामावर गेलो. लांबूनच दगडांवर हातोड्या पडत असल्याचा आवाज येत होता. बायका आणि मुली रांगेनं खडीच्या ढिगांशी बसलेल्या. मंदा आईच्या शेजारीच होती. दगडाचे कपचे लागू नयेत म्हणून हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. मला बघून उठून उभी राहिली, वर्गात राहतात तशी.

मी तिच्या आईसमोर सगळं कबूल केलं. माझी चूक झाली, तुमची मुलगी चोर नाही, असं सांगितलं. शेवंताबाईंच्या हातातला हातोडा तसाच राहिला. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत. मुलीकडे वळून म्हणाल्या, "मग बोलली का न्हाई गं? मला तरी सांगायचं."

मंदा म्हणाली, "कुनाकुनाला देती त्यांची नावं सांगावी लागली आसती. सगळ्यांफुडं."

मी पदवीधर, बी.एड. झालेला, शाळेचं वातावरण सांभाळणारा. माझ्या सहा पानांत हे वाक्य कुठं नव्हतं.

मी म्हणालो, उद्यापासून शाळेत ये. तिच्या आईनं मान हलवली. आता नाव हजेरीवर चढलंय, वय जास्त सांगून चढवलंय, आणि पाऊस पडेपर्यंत दोघींनी काम केलं तरच घरातली बाकीची तोंडं भरतात, असं तिनं सांगितलं. तक्रार म्हणून नाही. आकाशात ढग नाहीत असं सांगावं तसं. म्हणजे पोरीला कामावर धाडलं मी, आणि आता तिला परत आणायला मी गेलो तर तिची जागा तिथं पक्की झाली होती. चार दिवसांत.

मी सायकल वळवली तेव्हा मंदा मागून आली. तिनं विचारलं, "सर, आता कोन वाटतं?"

"कुणी नाही."

"मग तुमी वाटा की." तिनं समजावून सांगितलं, मी नापास मुलाला समजावतो तसं. "बारक्यांना आदी द्यायचं. आन् खाताना त्यांच्याकडं बघायचं न्हाई, सर. बघितलं की खात न्हाईत."

ज्याला पगारच बघण्याचा मिळत होता त्या माणसाला ती सांगत होती, की बघू नका.

दुसऱ्या दिवशी मी हौदात उतरलो. शिट्टी आणि छडी खोलीतच ठेवली. पहिले तीन दिवस एकानंही मला भाकरी दिली नाही. देतील कशी? हा माणूस उद्या कुणाच्या आईला बोलावेल, कोण जाणे. मग गोदाबाई वर्गावर्गात जाऊन काय बोलल्या देव जाणे, चौथ्या दिवशी माझ्याकडे पाच भाकऱ्या आणि चतकोर जमलं. समोर एकोणीस पोरं. आता हे गणित. मी वाटायला लागलो, आणि चौदाव्या पोरापर्यंत भाकरी संपली. सव्वापाच भागिले एकोणीस, आणि बी.एस्सी. गणित घेऊन बसलेला मास्तर पुढच्या पाच पोरांसमोर मोकळे हात घेऊन उभा. ती सहावीतली छोटी मुलगी उठली, तिनं मी दिलेले तुकडे सगळ्यांकडून परत मागून घेतले, पुन्हा मोडले आणि पुन्हा वाटले. पुरले. वर एक तुकडा उरला, तो तिनं माझ्या हातावर ठेवला. तो मी खाल्ला की नाही, ते विचारू नका.

त्यानंतर मी रोज मधल्या सुट्टीत हौदाच्या भिंतीकडे तोंड करून बसायचो. मागं मुलं खायची. इनामदार सर एकदा काठावर आले आणि म्हणाले, "बोरुडे, भिंतीकडे काय बघताय?" मी सांगितलं, डबे वाटतो. ते पायऱ्या उतरून आले, मुलं बघितली, माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, "सर, हे मूळचं माझं नाही, ते असं झालं की..." तेवढ्यात घंटा झाली आणि ते म्हणाले, "राहू द्या, राहू द्या, मला कळलं." त्यांना काय कळलं, ते मला सव्वीस जानेवारीला कळलं.

सव्वीस जानेवारीला कामं बंद, म्हणून झेंड्याला अख्खं गाव आलं होतं. कामावरची माणसं मागं उभी. झेंडावंदन झाल्यावर इनामदार सर बोलायला उभे राहिले. दुष्काळात आपल्या शाळेत एकही मूल उपाशी बसत नाही, आणि ही योजना ज्यांनी कल्पकतेनं आखली आणि गाजावाजा न करता चालवली, ते आपले पर्यवेक्षक बोरुडे सर, असं त्यांनी सांगितलं. मोठ्यानं टाळ्या झाल्या. मला दोन शब्द बोलायला पुढं बोलावलं.

मी उठलो. खरं सांगतो, मंदाचं नाव ओठांवर आलेलं होतं. समोर सरपंच, पाटील, खुर्च्यांवर बसलेली मंडळी. मागं बायकांमध्ये गोदाबाई दिसल्या, आणि त्यांच्या शेजारी मंदा. मी घसा साफ केला आणि तोंडातून काय निघालं? "हे सगळं आदरणीय मुख्याध्यापकांच्या मार्गदर्शनामुळे शक्य झालं."

अहो, कुठून आलं ते वाक्य? आठ वर्षं प्रत्येक समारंभात ऐकलेलं, ते आपोआप आलं. पुन्हा टाळ्या झाल्या. मंदाही टाळ्या वाजवत होती. हातांना चिंध्या होत्या तशाच, त्यामुळे तिच्या टाळ्यांचा आवाज होत नव्हता. मी ते वाक्य दुरुस्त करू शकलो असतो. अजून उभाच होतो. पण सरपंचांनी नारळ पुढं केला आणि मी तो घेतला.

नंतर शाळेतल्या मुलांना गूळ आणि शेंगदाणे वाटायचे होते, ते काम माझ्याकडे होतं. मुलं रांगेत उभी होती. मंदा माझ्यापाशी आली. तिला रांगेत यायचं नव्हतं, ती शाळेत नव्हतीच आता. ती फक्त एवढंच म्हणाली, "सर, चांगलं चाललंय म्हनत्यात समदे. बरं वाटलं."

इतकं बोलायला ती गर्दीतून वाट काढून आली होती. मलाही तिला काहीतरी सांगायचं होतं. काय काय सांगायचं, महिनाभर रोज भिंतीकडे बघत मी ते जुळवत होतो. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण मी डोळे बारीक केले आणि म्हणालो, "मधे येऊ नकोस, रांगेत उभी राहा."

ती गेली आणि पाचवीच्या पोरांच्या मागं रांगेत उभी राहिली.